आई-वडिलांसह पाच जण, बजेट दहा लाख, रोज पुण्यात आणि अधूनमधून कोकणात: कोणती गाडी घ्यावी?

शोरूमला जाताना आई-वडिलांना सोबत न्या, ही पहिली गोष्ट. गुडघे दुखत असतील तर डिझायरसारख्या सेडानमध्ये वाकून बसावं-उठावं लागतं. वॅगन-आर किंवा टाटा पंचमध्ये सीट उंच असल्यामुळे ते सोपं जातं. मागे तिघांना शेजारी बसवूनच बघा. कोकणात जाताना पाच-सहा तास तसंच बसायचंय.

रोजचं रनिंग भरपूर असेल तरच सीएनजी. वॅगन-आरमध्ये सिलिंडर डिकीतच बसतो, मग बॅगा, आंब्याच्या पेट्या कुठे ठेवणार? टाटाने पंच, टियागोमध्ये दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी बसवलेत, त्यामुळे सामानाला बऱ्यापैकी जागा उरते. मात्र घाटात गाडी भरलेली असताना सीएनजीवर दम कमी जाणवतो, तेव्हा पेट्रोलवर टाकायची. पंपावरच्या रांगा तुम्हाला माहीतच आहेत.

सुरक्षिततेत, गाड्यांच्या धडक-चाचण्या घेणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत पंचला २०२१ मध्ये आणि नव्या डिझायरला २०२४ मध्ये पाच स्टार मिळाले.

बजेट ऑन-रोड, म्हणजे टॅक्स-विम्यासह हातात पडणाऱ्या किमतीवर धरा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीवर रोड टॅक्सच ११ टक्के आहे. विमा डीलरकडूनच घ्यायची सक्ती नसते, बाहेरचं कोटेशन दाखवा, बऱ्याचदा तिथल्या तिथे भाव उतरतो.

माझं मत विचाराल तर पंच सीएनजी. महिन्याचं रनिंग पाचशे किलोमीटरही नसेल, तर साधी पेट्रोल घ्या.