उचल, टक्का आणि हप्ता: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न: वाशीच्या व्यापाऱ्याने दिवाळीत एक लाख रुपये उचल (आगाऊ रक्कम) दिली. ती मी वहीत उत्पन्न म्हणून लिहिली. बरोबर आहे का? (आंबा बागायतदार, देवगड)

उत्तर: नाही. उचल हे तुमच्या डोक्यावरचं देणं आहे. ती देण्याच्या बाजूलाच लिहा.

पेट्या गाडीत चढल्या म्हणजे विकल्या गेल्या, असंही नाही. विक्रीसाठी पाठवलेला माल विकला जाईपर्यंत तुमचाच असतो. भाव पडला तर फटका तुम्हालाच. खरी नोंद पट्टी, म्हणजे व्यापाऱ्याचा विक्रीचा हिशेब आल्यावर करायची. समजा १०० पेट्या २,५०० रुपयांनी गेल्या. विक्री झाली २,५०,००० रुपये. भाडं, हमाली वगैरे ३०,००० वजा झाले आणि उचलीचे एक लाख वळते झाले. हातात १,२०,००० आले. अनेक बागायतदार हाच आकडा उत्पन्न म्हणून लिहितात. उत्पन्न २,५०,०००, खर्च ३०,००० आणि उचल फिटली, अशा तिन्ही नोंदी वेगवेगळ्या हव्यात. नाहीतर वाहतुकीवर किती गेले, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आणखी एक. खत, फवारणी, राखण यांचा बराचसा खर्च ३१ मार्चच्या आत होतो आणि बरीचशी विक्री एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात. त्यामुळे मार्चअखेर तोटा दिसला तरी घाबरू नका. हंगामाचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवा. बाग परवडते की नाही, हे तीच वही सांगेल.

प्रश्न: आमच्या बचत गटाला काजूगर किलोला ६४० रुपयांना पडतो, आम्ही ८०० ला विकतो. नफा २५ टक्के. दुकानदार २० टक्के सूट मागतो. दिली तर ५ टक्के उरतील ना? (वेंगुर्ला)

उत्तर: काहीच उरणार नाही, ताई. ८०० चे २० टक्के म्हणजे १६०. तेवढाच तुमचा नफा आहे. तुमचे २५ टक्के खर्चावर मोजलेले आहेत, सूट मात्र विक्रीच्या किमतीवर मिळते. विक्रीवर तुमचा नफा २० टक्केच आहे. शिवाय त्या ६४० मध्ये गटातल्या बायकांची सोलण्याची मजुरी धरली आहे का? नसेल तर आधी ती धरा, मग सूट द्यायचं बोला. घरच्या माणसांचे श्रम फुकट धरून काढलेला भाव मला अन्यायाचा वाटतो.

प्रश्न: कॉलेजात शिकवतात की बँकेत पैसे भरले की बँक खातं डेबिट. पासबुकात तर क्रेडिट दिसतं! (बी.कॉम. प्रथम वर्ष, मालवण)

उत्तर: पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे. तू भरलेले ५,००० बँक तुला देणं लागते, म्हणून तिच्या वहीत क्रेडिट. तुझ्या वहीत ते येणं आहे, म्हणून डेबिट. गणित सोडवताना वही कुणाची, हे आधी बघ.

प्रश्न: बोटीच्या कर्जाचा हप्ता २५,००० रुपये. मी तो सगळा खर्चात धरतो. सीए म्हणतात नफा आहे, पण खात्यात पैसा नाही. (हर्णै)

उत्तर: सीए बरोबर सांगताहेत. हप्त्यात समजा ९,००० व्याज असेल, तर तेवढाच खर्च. उरलेले १६,००० मुद्दल, त्याने कर्ज कमी होतं. बोटीची किंमत घसाऱ्याच्या, म्हणजे वापराने होणाऱ्या झिजेच्या रूपाने दरवर्षी थोडी थोडी खर्चात येतेच. म्हणजे मुद्दल फेडताना पैसा जातो पण खर्च दिसत नाही. घसारा खर्चात दिसतो पण त्यासाठी खिशातून काही जात नाही. त्यात मासळीची उधारी थकली असेल, तर नफा वहीतच राहतो.

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोट किनाऱ्यावर असते, हप्ता मात्र थांबत नाही. त्या दोन हप्त्यांचे ५०,००० उरलेल्या दहा महिन्यांत दरमहा ५,००० असे बाजूला काढा, डिझेल-बर्फाच्या पैशांत मिसळू देऊ नका. पावसाळ्यातले हप्ते हंगामात विभागून मिळतील का, हे बँकेत विचारून बघा.