विंडो उघडताना दरवेळी थोडी मोठी होतेय? आधी कुठून मोजलंय ते बघा

तुमचा प्रॉब्लेम मी समजलो तो असा, की दुकानाचं बिलिंग सी प्लस प्लसमध्ये सरळ विन३२ वर, म्हणजे विंडोजच्या मूळ फंक्शनांवर, लिहिलंय, बंद करताना विंडोची जागा फाइलमध्ये लिहून ठेवता, उघडताना मूव्हविंडोने परत तिथे बसवता, पण विंडो दरवेळी उजवीकडे नि खाली वाढतच जाते, आतली बटनं हलवायला गेलं की भलतीकडेच जाऊन बसतात, आणि कडेला धरून ओढलं की सगळा स्क्रीन लुकलुकतो. पहिल्या दोन गोष्टींचं मूळ एकच आहे, लुकलुकण्याचं वेगळं.

पहिल्यांदा वाढण्याचं बघू. तुम्ही जागा घेताय गेटविंडोरेक्टने. ते देतं लेफ्ट, टॉप, राइट, बॉटम, म्हणजे चार कडा कुठे आहेत ते. मूव्हविंडोला मात्र लागतं एक्स, वाय, रुंदी, उंची. तुम्ही राइटला रुंदी नि बॉटमला उंची म्हणून तसंच पुढे ढकललंय. समजा विंडो डावीकडून २०० वर आहे आणि रुंदी ८००, तर राइट येणार १०००. पुढच्या वेळी रुंदी १००० होते, राइट १२००, त्याच्या पुढच्या वेळी रुंदी १२००, म्हणजे दरवेळी बरोबर लेफ्टइतकी वाढ. तुमच्याकडे खात्री करायची असेल तर विंडो एकदम डाव्या वरच्या कोपऱ्यात शून्य-शून्यला नेऊन बंद-चालू करा, वाढ थांबलेली दिसेल. उपाय एका ओळीचा, राइट वजा लेफ्ट, बॉटम वजा टॉप.

बटनांचंही असंच. गेटविंडोरेक्ट बटनाला लावलं तरी ते आकडे स्क्रीनच्या कोपऱ्यापासून मोजून देतं. पण चाइल्ड विंडोला, म्हणजे दुसऱ्या विंडोच्या आत बसणाऱ्या बटनासारख्या विंडोला, मूव्हविंडो केलं की ते एक्स-वाय पॅरेंटच्या, म्हणजे बाहेरच्या विंडोच्या, क्लायंट एरियाच्या (टायटल बार-बॉर्डर सोडून आतली जागा) कोपऱ्यापासून धरतं. तुम्ही रस्त्यापासून मोजलं आणि मिस्त्रीने हॉलच्या भिंतीपासून खुंटी ठोकली, मग ती भलतीकडे जाणारच. मॅपविंडोपॉइंट्स वापरा, पहिला हँडल (विंडोची ओळख) नल, म्हणजे स्क्रीन, दुसरा पॅरेंटचा, आणि पॉइंट दोन, कारण रेक्ट, म्हणजे त्या चार कडांचा चौकोन, शेवटी दोन पॉइंटच. मग येणारे आकडे सरळ वापरता येतात. मी स्वतः आता प्रत्येक व्हेरिएबलच्या नावातच लिहितो, स्क्रीनचा आहे की क्लायंटचा, लिहायला दोन सेकंद जास्त जातात पण रात्रीची झोप वाचते.

आता तिसरं मोजमाप, ज्यात तुम्ही अजून अडकला नाहीत पण अडकणार. फ्लॅट घेताना कार्पेट नि बिल्टअप वेगळे असतात ना, तसंच इथे क्लायंट एरिया म्हणजे कार्पेट, आणि टायटल बार, बॉर्डर, मेनू धरून येतो तो बिल्टअप. मूव्हविंडोला बिल्टअप लागतो. आकार बदलला की विंडोज डब्ल्यूएम साइझ हा मेसेज पाठवतं, त्यात जे आकडे येतात ते कार्पेटचे. ते साठवून पुढच्या वेळी मूव्हविंडोला दिले तर विंडो दरवेळी लहान होत जाते, म्हणजे तुमच्या उलटा रोग. आत नेमकी ८०० बाय ६०० जागा हवी असेल तर शून्य, शून्य, ८००, ६०० असा रेक्ट भरून अ‍ॅडजस्टविंडोरेक्टएक्स ला द्या, ते बिल्टअप काढून देतं, लेफ्ट-टॉप निगेटिव्ह होऊन येतील, त्याला घाबरू नका, पुन्हा तीच वजाबाकी करून रुंदी-उंची काढा. मेनू लांब असून दोन ओळींत गेला तर ती दुसरी ओळ हे फंक्शन धरत नाही, एवढं लक्षात असू द्या.

विंडोज १० पासून अजून एक गंमत दिसते, दोन विंडो अगदी चिकटवून लावल्या तरी मधे फट राहते. डावी, उजवी नि खालची बॉर्डर न दिसणारी असते, १०० टक्के स्केलिंगला साधारण ७ पिक्सेल, आणि गेटविंडोरेक्ट ती धरूनच मोजतं. डोळ्यांना दिसणारी कड हवी असेल तर डीडब्ल्यूएमकडून, म्हणजे विंडोजच्या विंडो स्क्रीनवर मांडणाऱ्या भागाकडून, एक्स्टेंडेड फ्रेम बाउंड्स मागा. बिलिंगला याची गरज पडायची नाही.

जागा साठवण्याबद्दल मात्र माझं स्पष्ट मत आहे, गेटविंडोरेक्ट वापरूच नका, वजाबाकी बरोबर केली तरी. विंडो मिनिमाइझ असताना बंद झाली तर ते तुम्हाला उणे ३२००० च्या आसपासचे आकडे देतं, ते साठवले गेले की दुसऱ्या दिवशी टास्कबारवर प्रोग्राम दिसतो पण विंडो कुठेच नाही. हे मी एका ग्राहकाकडे भोगलंय, नि त्याच ग्राहकाकडे नंतर दुसरा मॉनिटर काढून टाकल्यावर परत, कारण विंडो साठवलेली त्या काढलेल्या मॉनिटरवर. सकाळी दुकान उघडायच्या वेळी फोनवर त्यांना सांगत होतो, ऑल्ट धरून स्पेस दाबा, मग एम, मग कुठलाही एक बाण, आता माउस हलवा, आली का. आली, पण तोवर काउंटरसमोर गिऱ्हाईक ताटकळत उभं होतं, आणि ते माझ्या कोडमुळे. तेव्हापासून गेटविंडोप्लेसमेंट आणि सेटविंडोप्लेसमेंट. मिनिमाइझ असो की मॅक्सिमाइझ, ते मूळची नॉर्मल जागा देतं, आणि परत बसवताना विंडो पूर्णपणे स्क्रीनबाहेर जात असेल तर सिस्टिम स्वतःच तिला दिसेल अशा जागी आणते. दोन पथ्यं आहेत. या फंक्शनांना जे स्ट्रक्चर देता त्यातलं लेंग्थ, म्हणजे त्या स्ट्रक्चरची साइझ, आधी भरायचं, आणि शो कमांड (विंडो कशी दाखवायची ते) मिनिमाइझ्ड साठवली गेली असेल तर उघडताना नॉर्मल करायची. आणि यातले आकडे सेटविंडोपॉसला (मूव्हविंडोसारखंच, पण जास्त फ्लॅग घेणारं) देऊ नका, हे वर्कस्पेसपासून, म्हणजे टास्कबार सोडून उरलेल्या जागेपासून, मोजलेले असतात, टास्कबार वर किंवा डावीकडे लावलेला असला की तेवढा फरक पडतो. प्लेसमेंटचं प्लेसमेंटलाच.

आता लुकलुकणं. तुम्ही डब्ल्यूएम साइझमध्ये १५-१६ कंट्रोल (बटनं, खाने वगैरे) एकामागून एक मूव्हविंडोने हलवताय, शेवटचा रिपेंट ट्रू, म्हणजे प्रत्येक जण स्वतःपुरता रंगतो. बिगिनडीफरविंडोपॉस, मग प्रत्येकाला डीफरविंडोपॉस, शेवटी एंडडीफरविंडोपॉस, म्हणजे सगळे एकदम हलतात. इथे एक खड्डा आहे, डीफरविंडोपॉस दरवेळी हँडल परत देतं आणि ते आधीच्यापेक्षा वेगळं असू शकतं, पुढच्या कॉलला तेच द्यायचं, जुनं नाही. नल आलं तर सगळं सोडून द्यायचं, एंडही करायचं नाही. शिवाय मुख्य विंडोला क्लिपचिल्ड्रन स्टाइल द्या, म्हणजे ती रंगताना आतल्या कंट्रोलची जागा सोडते, आणि विंडोचा क्लास रजिस्टर करताना एचरीड्रॉ-व्हीरीड्रॉ टाकलंय का बघा, बहुतेक टाकलेलं असतंच, कारण सगळे नमुना कोडमधून उचलतात. ते असलं की एक पिक्सेल ओढला तरी अख्खी विंडो पुसून नव्याने काढली जाते. काढून टाका. क्लिपचिल्ड्रन लावल्यावर ग्रुपबॉक्सच्या आतला भाग न रंगवलेला राहिला तर त्याचं बॅकग्राउंड तुम्हालाच रंगवावं लागेल.

डीफर किंवा सेटविंडोपॉस वापरताना नोझेडऑर्डर आणि नोअ‍ॅक्टिव्हेट हे फ्लॅग विसरू नका, कळकळीने सांगतोय. नोझेडऑर्डर नसलं आणि कुठल्या विंडोच्या मागे ठेवायचं त्या जागी नल दिला, तर नल म्हणजे सगळ्यात वर असा अर्थ होतो, प्रत्येक कंट्रोल वर उचलला जातो, आणि चाइल्डचा झेड ऑर्डर (कोण वर, कोण खाली) म्हणजेच टॅबचा क्रम. दिसायला सगळं जागच्या जागी असतं, पण क्वांटिटीत टॅब मारला की रेटवर जायच्या ऐवजी कर्सर दुसरीकडेच जातो. बिल करणारा माणूस कीबोर्डकडे न बघता टाइप करतो हो, त्याचे आकडे चुकीच्या खान्यात पडतात. हा बग शोधायला मला दोन दिवस लागले होते कारण मी टॅबस्टॉप (टॅबने कुठल्या खान्यावर थांबायचं ती स्टाइल) तपासत बसलो होतो, रिसाइझचा संशयच आला नाही.

डब्ल्यूएम साइझ मिनिमाइझ करतानाही येतो, रुंदी-उंची शून्य घेऊन, तेव्हा लगेच परत फिरा, नाहीतर तुमच्या हिशोबात निगेटिव्ह रुंदी निघते. आणि डब्ल्यूएम विंडोपॉसचेंज्ड तुम्ही हँडल करून डिफॉल्ट प्रोसिजरला दिला नाहीत तर साइझ नि मूव्ह हे मेसेज येतच नाहीत, कारण ते तिथूनच निघतात. कमीत कमी आकार बांधून द्यायचा असेल तर गेटमिनमॅक्सइन्फो, तोही बिल्टअपमध्येच. हा मेसेज विंडो तयार होतानाच्या एनसीक्रिएट मेसेजच्याही आधी येतो, त्यामुळे तिथे तुमचा ऑब्जेक्टचा पॉइंटर अजून लावलेला नसतो, नल तपासल्याशिवाय हात लावलात तर प्रोग्राम उघडतानाच कोसळेल.

वेगवेगळ्या स्केलिंगचे दोन मॉनिटर असतील आणि प्रोग्राम पर मॉनिटर डीपीआय अवेअर, म्हणजे प्रत्येक मॉनिटरचं स्केलिंग स्वतः सांभाळणारा, केला असेल, तर डीपीआयचेंज्ड मेसेजमध्ये विंडोजच एक सुचवलेला रेक्ट देतं, तोच सेटविंडोपॉसला द्या. स्वतःचा हिशोब घातला तर सीमेवर विंडो इकडून तिकडे उड्या मारत राहू शकते.

सगळं एकदम बदलू नका. आधी वजाबाकी आणि मॅपविंडोपॉइंट्स, मग प्लेसमेंट, आणि डीफरचं शेवटी. डीफर झाल्यावर विंडो पाच-सहा वेळा लहानमोठी करा आणि माउसला हात न लावता पहिल्या खान्यापासून शेवटपर्यंत नुसता टॅब मारत जा.