दाढ काढल्यावर दुसऱ्या दिवशी चूळ भरली तर चालते का?

काल दाढ काढली आणि आज तोंडाला घाण वास येतोय, चूळ भरू का, असं विचारलंय. २४ तास पूर्ण होईपर्यंत थांबा. थुंकूही नका. खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, तीच आतल्या हाडावरचं झाकण असते. ती निघाली की दोन-चार दिवसांत कानापर्यंत ठणका जातो; याला ड्राय सॉकेट म्हणतात. माझ्या आईचं हेच झालं. दुसऱ्याच दिवशी तिने मिश्री लावली, खळाखळा चुळा भरल्या आणि चौथ्या रात्री गाल धरून पहाटेपर्यंत बसून होती. म्हणून तंबाखू, सिगारेट, मिश्री किमान तीन दिवस नकोच. स्ट्रॉनेही काही ओढू नका.

लाळ गुलाबी दिसली तर घाबरू नका, गिळून टाका. रक्त वाहायला लागलं तर स्वच्छ ओल्या गॉजची घडी अर्धा तास घट्ट चावून धरा. तरी थांबेना तर लगेच डॉक्टरांना गाठा. ऍस्पिरीन मनाने घेऊ नका, त्याने रक्त जास्त वाहतं.

२४ तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घाला, जेवणानंतर तोंडात हळू घोळवा आणि मान वाकवून आपोआप पडू द्या. खायला दहीभात किंवा निवलेली मऊ खिचडी, दुसऱ्या बाजूने.