फुटबॉल क्लबची टीम नक्की कोण भरतो आणि कशी? पैसे असले की झालं का?

तुम्ही विचारलंय की क्लबचा स्पोर्टिंग डायरेक्टर करतो तरी काय, मालकाने पैसे दिले की चांगले प्लेअर उचलायचे एवढंच ना. मी म्हापशाचा, गोव्यातल्या एका क्लबच्या ऑफिसात पाच सीझन खेळाडूंच्या रजिस्ट्रेशनचं काम केलंय, त्यामुळे हे रोज डोळ्यासमोर बघितलंय. पैसे लागतातच हो, पण नुसत्या पैशाने टीम होत नाही, टीम भरते ती कोणाचा करार कधी संपतो आणि कुठली जागा रिकामी पडणार हे कोणाला आधी दिसतं त्यावर.

आमचे साहेब म्हणजे क्लबचे स्पोर्टिंग डायरेक्टर, त्यांच्या केबिनमध्ये एक पांढरा बोर्ड होता. त्यावर मैदान आखलेलं, प्रत्येक जागेला एकाखाली एक तीन नावं, नावापुढे वय आणि करार संपायचं वर्ष, आणि ज्याचा याच सीझनला संपतोय तो लाल मार्करने. केबिनमध्ये येणारा माणूस नावं वाचायचा, साहेब लाल रंग मोजायचे. कारण फिफाच्या नियमाप्रमाणे करार संपायला सहा महिने उरले की प्लेअर दुसऱ्या क्लबशी सही करून मोकळा होऊ शकतो आणि जुन्या क्लबच्या हातात ट्रान्सफरचा एक रुपया पडत नाही. आमचा एक मिडफिल्डर असाच गेला. बोलू बोलू म्हणता जानेवारी उजाडली आणि पोराने दुसरीकडे सही केलेली, अजून आठवलं की वाईट वाटतं, कारण त्याला राहायचं होतं, आम्हीच उशीर केला.

मग येतात परदेशी. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, २०२१-२२ पासून मैदानात एका वेळी चारच परदेशी, त्याआधी पाच होते. हे चार साधारण स्ट्रायकर, सेंटर बॅक आणि मिडफिल्डला खर्ची पडतात, म्हणून गोलकीपर आणि दोन्ही बाजूचे बॅक भारतीयच शोधावे लागतात, आणि त्यातही डाव्या पायाचा चांगला लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू, मिळाला तर सोनं. परदेशी घेताना वय बघून नाक मुरडू नका, स्पॅनिश स्ट्रायकर कोरो २०१७ मध्ये एफसी गोवात आला तेव्हा ३४ चा होता आणि पहिल्याच सीझनला १८ गोल मारले.

लेफ्ट बॅकचंच सांगतो. आपला एफसी गोवाचा मंदार राव देसाई मुळात विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारा, तेव्हाचे कोच लोबेरांनी त्याला मागे खेळवला आणि बाहेरून कोणाला न आणता जागा भरली. मला विचाराल तर खरी टीमबांधणी ही. पण तोच मंदार २०२० मध्ये मुंबई सिटीला गेला, कोच लोबेरा आणि गोव्याचेच प्लेअर जाहू, फॉल, बुमूस हेही तिकडेच, आणि मुंबईने त्याच सीझनला लीगमध्ये पहिलं येण्याची शील्ड आणि फायनलचा कप दोन्ही नेले. एकमेकांचा खेळ ओळखणारी माणसं एकत्र नेली की असं होतं.

मेडिकल, एजंटशी घासाघीस, परदेशी प्लेअरचं ट्रान्सफर सर्टिफिकेट हे सगळं आहेच, पण ते काम शिकता येतं. माणूस ओळखणं अवघड. एकदा भर पावसात साहेबांबरोबर म्हापशाच्या धुळेर मैदानावर मॅच बघायला गेलो होतो, सगळं पब्लिक गोल करणाऱ्या पोराच्या नावाने ओरडतंय आणि साहेबांची नजर हरणाऱ्या टीमच्या लेफ्ट बॅकवर. बॉल पार पलीकडच्या कोपऱ्यात असताना हा मान वळवून आपल्या मागे कोण उभा आहे ते बघतो का, एवढंच ते बघत होते, बघितलं की वहीत एक उभी रेघ. हाफ टाइमला वही माझ्याकडे दिली, कागद भिजलेला, रेघा अकरा. मॅच संपल्यावर पोराशी नाही, आधी त्याच्या कोचशी बोलले, बेंचवर बसवला तर हा काय करतो म्हणून विचारलं, आणि त्याच आठवड्यात घरी जाऊन आईवडिलांना भेटले, कारण आपल्याकडे अठरा वर्षांच्या पोराचा निर्णय घरात होतो, एजंटच्या फोनवर नाही.

पोराला रिझर्व्ह टीममध्ये एका वर्षासाठी घेतला. दुसऱ्या दिवशी बोर्डावर लेफ्ट बॅकच्या जागी तिसरं नाव पुसून त्याचं लिहिलं, आणि वरचं पहिलं नाव तेव्हा लाल होतं.