पित्ताच्या गांधी आणि कारणांचा शोध

पंचवटी, नाशिक

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. पाच महिन्यांपासून रोज पहाटे अंगावर गांधी उठतात, आई आमसुलाचे पाणी लावते, तेवढ्यापुरते बरे वाटते, आणि आता तुझ्या ताटात वरणभात आणि दुधी भोपळा एवढेच उरले आहे, हे वाचून मन अस्वस्थ झाले. पंचवटी कारंजाजवळच्या औषधांच्या दुकानात मी ३१ वर्षे काम केले आणि त्यांतली सहा वर्षे माझ्याही अंगावर अशाच गांधी उठत होत्या. तेव्हा मी केलेल्या चुका तू करू नयेस, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

सहा आठवड्यांहून अधिक काळ गांधी उठत राहिल्या, तर डॉक्टर त्याला दीर्घकालीन अर्टिकेरिया म्हणतात. आपल्या त्वचेत मास्ट नावाच्या पेशी असतात. त्यांतून हिस्टामिन बाहेर पडले की बारीक रक्तवाहिन्यांमधून द्रव पाझरतो, त्वचा फुगते आणि खाज सुटते. एक गांध बहुधा चोवीस तासांच्या आत विरते आणि दुसरीकडे नवी उठते. आता मुख्य गोष्ट ऐक. हा आजार महिनोन्‌महिने चालतो तेव्हा त्याचे मूळ बाहेरच्या एखाद्या पदार्थात क्वचितच सापडते. पुष्कळ रुग्णांमध्ये शरीरात तयार झालेली प्रतिपिंडेच या पेशींना चेतवतात. आपल्याकडे याला पित्त म्हणण्याची रीत असल्यामुळे सगळा संशय जेवणावर जातो, आणि मग माणूस एकेक पदार्थ सोडत जातो.

मीही तेच केले. आधी वांगी सोडली, मग टोमॅटो, दही, शेंगदाणे, अंडी, आणि शेवटी गव्हाची पोळीसुद्धा. एका वर्षी द्राक्षांच्या हंगामात त्रास वाढला, म्हणून मी द्राक्षांना आणि बागांमधल्या फवारणीला दोष दिला. पण आषाढात, गावात द्राक्षाचा मणीही दिसत नसताना, तितक्याच गांधी उठल्या, तेव्हा तो तर्क मला सोडावा लागला. अन्नाची खरी ॲलर्जी असेल, तर तो पदार्थ खाल्ल्यानंतर बहुधा काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत त्रास सुरू होतो, आणि तोच पदार्थ पुन्हा खाल्ला की पुन्हा होतो. असे काही तुझ्या बाबतीत दिसत नसेल, तर सोडलेले पदार्थ एकेक करून, तीन-चार दिवसांच्या अंतराने, परत खायला लाग. ज्या पदार्थाने पूर्वी कधी ओठ सुजले असतील किंवा श्वास लागला असेल, तो मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात घालू नकोस. तू कारखान्यात आठ तास उभा राहून काम करतोस. अर्धपोटी राहून हा आजार जात नाही.

माझ्या बाबतीत त्रास वाढवणारी गोष्ट खिशातच होती. डोके दुखले की मी आयबुप्रोफेनची गोळी घेत असे, आणि त्यानंतरचे दोन दिवस फार वाईट जात. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी अनेकांच्या गांधी भडकतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होते, तरी स्वतःकडे त्या नजरेने पाहायला मला दोन वर्षे लागली, याची खंत आजही वाटते. ती गोळी बंद केल्यावर त्रास निम्म्यावर आला, संपला नाही. उरलेल्यातला काही भाग दाबाचा होता. सकाळी औषधांची खोकी खांद्यावरून वाहिली की संध्याकाळी, पाच-सहा तासांनी, नेमका तोच खांदा सुजत असे. इतक्या उशिरा उमटणारी सूज सकाळच्या ओझ्याशी जोडणे सोपे नसते, म्हणून लोक ती रात्रीच्या जेवणाशी जोडतात.

असे शारीरिक कारण तुझ्याकडे आहे का, ते आधी पाहा. नखाने हलकेच रेघ ओढल्यावर ती फुगून वर येते का? पट्ट्याखाली, मोज्यांच्या काठाशी गांधी अधिक असतात का? तू लिहितोस की मिसळ खाल्ली की दहा मिनिटांत मानेवर टाचणीच्या डोक्याएवढ्या बारीक गांधी येतात, म्हणून तू मिसळ सोडलीस. आणि त्याच पत्रात पुढे लिहितोस की पांडवलेणीच्या पायऱ्या चढतानाही अगदी तशाच आल्या. पायऱ्यांवर तर मटकी नव्हती. मला वाटते, दोन्हीकडे समान आहे ते अंग तापणे आणि घाम येणे; उष्णतेने उठणाऱ्या गांधींचा हा प्रकार डॉक्टरांना चांगला परिचित आहे, हे दोन्ही प्रसंग त्यांना अवश्य सांग. थंडीनेही काहींना त्रास होतो. निफाडकडचा गारठा डिसेंबरात शहरात उतरला, की गाडी चालवताना उघडे राहिलेले हात घरी येऊन ऊब मिळताच फुगतात का, तेही बघ. तसे होत असेल तर तपासणी होईपर्यंत थंड पाण्यात पोहायला किंवा रामकुंडात बुडी मारायला जाऊ नकोस, कारण सारे अंग एकदम गार झाले तर रक्तदाब कोसळून शुद्ध हरपू शकते.

यासाठी एक वही कर. रोज रात्री दोनच आकडे लिही: खाजेला शून्य ते तीन, आणि गांधींना शून्य ते तीन. वीसपेक्षा कमी गांधींना एक, वीस ते पन्नासला दोन, त्याहून अधिक असतील तर तीन. सात दिवसांची बेरीज कर. ती जास्तीत जास्त ४२ होते. त्वचारोगतज्ज्ञ हीच मोजणी वापरतात, आणि ‘खूप त्रास होतो’ या शब्दांपेक्षा ती बेरीज त्यांना अधिक उपयोगी पडते. शेजारी त्या दिवशी घेतलेली प्रत्येक गोळी, ताप-सर्दी, रात्रपाळी आणि झोप यांची नोंद ठेव. गांधी उठलेल्या दिवसाचा फोटोही काढून ठेव, कारण डॉक्टरांसमोर बसलास की अंग नेमके स्वच्छ असते.

आता गोळ्यांविषयी. तू गांधी उठल्यावर सेटिरिझिन घेतोस आणि दोन दिवस बरे वाटले की थांबवतोस. दुकानात रात्री एकच गोळी मागायला येणारी माणसे मी वर्षानुवर्षे पाहिली. दर आठवड्याला तीच माणसे परत येत. अँटिहिस्टामिन हे रोज ठरल्या वेळी, गांधी नसतानाही घ्यायचे औषध आहे, म्हणजे हिस्टामिन सुटण्याआधीच त्याची जागा अडवली जाते. जुन्या क्लोरफेनिरामिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, आणि तू यंत्रावर काम करतोस, म्हणून फेक्सोफेनाडिन किंवा बिलास्टिनसारख्या नव्या गोळ्यांविषयी डॉक्टरांना विचार. फेक्सोफेनाडिन साध्या पाण्यासोबतच घे. फळांच्या रसाने ते अंगी कमी लागते. नेहमीच्या मात्रेने भागले नाही तर तज्ज्ञ ती टप्प्याटप्प्याने चौपटीपर्यंत वाढवू शकतात, पण ते त्यांनी ठरवायचे. त्यानेही न भागल्यास ओमालिझुमॅबचे इंजेक्शन असते, बहुधा दर चार आठवड्यांनी. ते महाग आहे, तरी असा मार्ग आहे हे तुला ठाऊक असावे. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी एका दिवसात अंग स्वच्छ होते, आणि त्यातच धोका आहे. एका दवाखान्यात मला त्या तीन महिने दिल्या गेल्या. साखर वाढली, चेहरा सुजला, आणि गोळ्या थांबताच गांधी परतल्या. फार झाले तर थोडे दिवस, यापलीकडे त्या नकोत.

ॲलर्जी-पॅनेलच्या, म्हणजे अनेक पदार्थांची ॲलर्जी एकदम तपासणाऱ्या चाचण्यांच्या, मागे स्वतःहून लागू नकोस. रक्ताची साधी तपासणी, सूज दाखवणारी तपासणी, एकूण आयजीई (ॲलर्जीशी संबंधित प्रतिपिंड) आणि थायरॉइडची प्रतिपिंडे, एवढ्याने बहुधा सुरुवात होते. एखादी गांध दिवसाहून जास्त टिकली, दुखली किंवा जाताना काळानिळा डाग ठेवून गेली, तर ते लगेच सांग. तो वेगळा आजार असू शकतो. जीभ किंवा घसा सुजला, आवाज बदलला, श्वास अडला किंवा चक्कर आली, तर वही, गोळी, आमसूल सगळे बाजूला ठेवून १०८ ला फोन कर.

आईला सांग की हे संसर्गाने पसरत नाही आणि तिच्या स्वयंपाकात काही चुकलेले नाही. ती हे मनाला लावून घेते, असे तुझ्या पत्रावरून जाणवले. आमसुलाचे पाणी तिला लावू दे, गार ओल्या फडक्यानेही खाज शमते. माझ्या गांधी सातव्या वर्षी हळूहळू कमी झाल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. बहुतेकांचा आजार काही वर्षांत असाच ओसरतो, अनेकांचा त्याहून लवकर.

रविवारी रात्रपाळी नसेल तर सकाळी घरी ये. घरात असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे, डोकेदुखीचीसुद्धा, पिशवीत घालून आण. काकू पोळी आणि शेंगदाण्याच्या कुटाची भाजी करणार आहे. दोन्ही तू पूर्वी विनातक्रार खात होतास, तेव्हा त्या दिवशी पोळी खाऊन बघ. भाजीची पाळी चार दिवसांनी.

तुझा,
काका