पियानो विकण्याआधी पांढऱ्या पट्ट्या तपासा

प्रश्न : आम्ही वसईचे ख्रिस्ती. दोन महिन्यांपूर्वी वडील मृत्युपत्र न करता वारले. मागे आई, मी, भाऊ आणि बहीण. वडिलांनी १९६५च्या सुमारास घेतलेला जुना उभा पियानो भावाच्या घरी आहे. भावाने तो मला न विचारता एका व्यापाऱ्याला विकायला काढलाय. थांबवता येईल का?

उत्तर : येईल, पण आजच हालचाल करा. तुम्हाला भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ लागू होतो. आईला एक तृतीयांश आणि उरलेल्यात तुम्ही तिघं समान, म्हणजे प्रत्येकी २/९. भाऊ एकटा मालक नाही.

तरीही एक खाच आहे. माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २८ नुसार, इतर सहमालकांच्या परवानगीने वस्तू एकाच्याच ताब्यात असेल आणि गिऱ्हाइकाने वादाची कल्पना नसताना प्रामाणिकपणे ती घेतली, तर मालकी त्याच्याकडे जाते. मग तुम्ही भावाकडून पैसे मागत बसणार. म्हणून भावाला स्पीड पोस्टाने लेखी कळवा की विक्रीला तुमची संमती नाही. बोलणी करणाऱ्या व्यापाऱ्यालाही प्रत द्या. मग त्याला 'मला ठाऊक नव्हतं' म्हणता येणार नाही. पत्रात पियानोचा क्रमांक घाला. वरचं झाकण उघडल्यावर आतल्या बिडाच्या सांगाड्यावर तो बहुधा दिसतो.

आता खरी मेख. पांढऱ्या पट्ट्या हस्तिदंताच्या आहेत का? पट्टीचा पुढचा रुंद भाग आणि काळ्या पट्ट्यांमधला अरुंद भाग जिथे जुळतो तिथे बारीक आडवी सांध असेल आणि लाकडासारख्या अनियमित रेषा दिसत असतील, तर बहुधा हस्तिदंत. सलग एकच तुकडा, सांध नाही, तर बहुतेक सेल्युलॉइड, म्हणजे एक जुनं प्लास्टिक. तापवलेली सुई टोचून बघू नका, पट्टी खराब होते.

हस्तिदंत निघाला, तर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आड येतो. परदेशातून आलेला हस्तिदंतही त्यात धरलाय. अशी वस्तू विकता येत नाही, मालकी प्रमाणपत्र असलं तरी. वारशाने मात्र मिळू शकते, पण मिळाल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे घोषणा करावी लागते. तुमचे साठ गेलेत. वडिलांच्या कागदांत जुनं मालकी प्रमाणपत्र शोधा; नसेल तर घोषणेपूर्वी वकिलाला दाखवा. आणि वाटणीपत्रात 'इतके रुपये देऊन हिस्सा घेतला' असं लिहू नका, ती विक्री ठरू शकते.

सेल्युलॉइड असेल तर सोपं आहे. चौघांच्या सह्यांचं वाटणीपत्र करा. निव्वळ जंगम वस्तूसाठी नोंदणी सक्तीची नाही. किंमत ठरवण्याआधी ट्यूनरकडून (पियानो सुरात लावणाऱ्याकडून) तारांच्या खुंट्या घट्ट आहेत का ते तपासून घ्या. वसईच्या दमट हवेत त्या सैल झाल्या असतील, तर व्यापाऱ्याने कमी भाव सांगितला तरी तो कदाचित खराच असेल.