जमिनीत दडलेल्या भूकंपांची तारीख

प्रश्न : लेखी नोंद नसलेले हिमालयातले जुने भूकंप कसे शोधतात? त्यावरून पुढचा कधी होईल, हे कळतं का?

उत्तर : मोठ्या भूकंपात शिवालिकच्या, म्हणजे हिमालयाच्या सर्वात बाहेरच्या टेकड्यांच्या, पायथ्याशी जमीन फाटते आणि डोंगराकडची बाजू मैदानावर चढून बांधासारखा उंचवटा उभा राहतो. त्याला काटकोनात चर खणतात. दीड मीटरहून खोल जायचं तर भिंती सरळ ठेवू नयेत, पायऱ्या काढाव्यात. ओली वाळू न सांगता ढासळते.

भिंत थापीने खरवडून, पाणसळ लावून, दोरी-खिळ्यांनी एकेक मीटरचे चौकोन आखतात आणि थर न् थर कागदावर उतरवतात. कुठले थर तुटलेत आणि त्यांच्यावर कुठला थर अखंड पसरलाय, ते बघायचं. भूकंप या दोहोंच्या मधल्या काळातला.

खरी कसोटी वय ठरवण्यात. दोन्ही थरांतल्या कोळशाच्या कणांचं वय कार्बन-१४ने, म्हणजे काळाबरोबर घटत जाणाऱ्या किरणोत्सर्गी कार्बनवरून, काढतात. पण कोळसा नदीने वरून वाहून आणलेल्या जुन्या लाकडाचा असेल, तर वय थरापेक्षा जास्त येतं. उंदराच्या बिळातून खाली उतरलेला असेल, तर कमी. म्हणून एका नमुन्यावर कधीच विसंबू नये. खोडाच्या तुकड्यापेक्षा बी किंवा बारीक काडी बरी. कोळसा नसेल तर पोलादी नळी ठोकून, उजेड न लागू देता वाळू काढतात आणि ती शेवटची उन्हात कधी होती ते मोजतात. गढूळ पुरातली वाळू नीट उन्हात आलेलीच नसते, त्यामुळे इथेही वय फुगतं.

नेपाळमध्ये बर्दिबासजवळ सिर नदीकाठी असं काम झालं. १९३४चा बिहार-नेपाळ भूकंप तिथे जमीन फाडून वर आला होता, हे त्यातून दिसलं. त्याआधीचा १२५५चा, ज्यात काठमांडूचा राजा अभय मल्ल दगावला. मध्ये ६७९ वर्षं. हा आकडा घड्याळासारखा मात्र वापरू नये. नेपाळमधलाच २०१५चा ७.८ तीव्रतेचा गोरखा भूकंप पायथ्यापर्यंत फाटत आलाच नाही, तेव्हा चरात त्याची खूणही मिळणार नाही. चरातले भूकंप म्हणजे कमीत कमी इतके झाले, एवढंच.

तारीख कुणालाच सांगता येत नाही. पुढच्या पन्नास वर्षांतली शक्यता मांडता येते, आणि शाळा-दवाखाने कुठे बांधू नयेत ती भेगेलगतची पट्टी आखता येते. ही पट्टी डोंगराच्या बाजूला जास्त रुंद सोडावी, कारण वर चढणारा भागच जास्त मोडतो.